आठ महिने जर्मनीला पाठवतायत, जादा भत्ता किती मागू?

प्रश्न थोडक्यात असा. वय ३२, चिंचोळी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शन इंजिनिअर, पगार महिना ७५ हजार. ग्रुपच्याच जर्मन कारखान्यातली एक मशिनिंग लाइन उचलून सोलापूरला आणायची आहे, त्यासाठी १ नोव्हेंबर ते ३० जून स्टुटगार्टजवळच्या एका गावात मुक्काम. कंपनी म्हणते, इथला पगार चालू राहील, वर दिवसाला ५५ युरो, राहणं-खाणं त्यातच भागवा. घरी बायको, तीन वर्षांची मुलगी, दर महिन्याला तपासणीला न्यावे लागणारे वडील आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हप्ता. जास्त मागावं का, किती मागावं, आणि मागितलं तर दुसऱ्यालाच पाठवतील का?

शेवटच्या शंकेचं आधी सांगतो. लाइन शिकायला जो जातो, तीच लाइन इथं उभी करताना त्याच्यावाचून घोडं अडतं. असं माणूस निवडताना प्लँट हेडनं दोन-तीन नावं आधीच बाद केलेली असतात. नीट मांडणी करून मागणाऱ्याचं नाव कापल्याचं मी एचआरमधल्या इतक्या वर्षांत क्वचितच पाहिलं. नाव कापलं जातं ते आधी ‘हो’ म्हणून तिकीट निघाल्यावर अडून बसणाऱ्याचं.

आता मूळ मुद्दा. ‘किती’ हे ठरवण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: तुमचा खर्च शेवटी कोणाच्या खात्यावर पडणार आहे? सोलापूर प्लँटच्या पगाराच्या बजेटवर, लाइन हलवण्याच्या प्रोजेक्टवर, की जर्मन कंपनीकडून वसूल होणार? एचआरला विचारलंत तर गोल उत्तर मिळेल. अकाउंट्सला विचारा. प्रवासाच्या मागणीपत्रावर कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा त्याचा नंबर, लिहावाच लागतो, तो नंबर सगळं सांगतो.

याचं महत्त्व असं की पगाराचं बजेट म्हणजे वर्षभराचा बांधलेला घास. तुम्हाला पाच हजार वाढवले तर शेजारच्या टेबलावरचे चौघे दारात उभे राहतात, म्हणून एचआर तिथं हलत नाही. प्रोजेक्टचं गणित वेगळं असतं. यंत्रं उचलणं, पॅकिंग, कंटेनर, पाया, विमा असे मोठमोठे आकडे त्यात असतात आणि अडीअडचणीसाठी राखीव रक्कमही. लाइन एक आठवडा उशिरा चालू झाली तर जे नुकसान होतं, त्यापुढं तुमच्या खोलीचं आठ महिन्यांचं भाडं किरकोळ आहे. म्हणून ‘पगार वाढवा’ हे वाक्य तोंडातून काढू नका. मागायचं ते प्रोजेक्टचा खर्च म्हणून, आणि प्लँट हेड किंवा प्रोजेक्ट मॅनेजरकडे. एचआर त्यावर फक्त सही करेल.

५५ युरोंचा हिशेब मांडून बघू. महिन्याचे झाले १६५०. थोड्या महिन्यांसाठी फर्निचरसकट खोली घ्यायची तर त्या भागात नऊशे युरो धरून चाला. घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्यानं ते हीटिंग वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकतं. हे पहिल्याच आठवड्यात कुठून काढणार? रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागं महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. बस-रेल्वेचा देशभर चालणारा मासिक पास ६३ युरो. खाणं स्वतः रांधलं तर तीनशेच्या आसपास. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत खुशाल न्या. पेढे, तूप नेऊ नका, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. नोव्हेंबरात पोचणार म्हणजे जाड जॅकेट आणि बूट पहिल्या पगाराआधीच. हे सगळं वजा करून महिना तीनशे-साडेतीनशे युरो उरतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर तीस-पस्तीस हजार. त्यातून वडिलांना तपासणीला न्यायला गाडी आणि माणूस ठेवायचा.

म्हणून पहिली मागणी आकड्याची नाहीच. खोली कंपनीनं घ्यावी, करार कंपनीच्या किंवा जर्मन कारखान्याच्या नावावर, डिपॉझिट त्यांचं. बदल्यात ५५चे ४० करतो म्हणाले तर चालेल. ४० हा आकडा हवेतला नाही. देशातल्या देशात कामासाठी बाहेर राहणाऱ्या माणसाला जेवणखाणापोटी दिवसाला २८ युरो करमुक्त देण्याची मुभा जर्मनीच्या करनियमांत आहे. २८ खाण्याचे, वरचे बारा पास, फोन, कपडे धुण्याचे. असा आधार दाखवला की समोरचा माणूस घासाघीस सोडून बेरीज तपासायला लागतो.

पण तुमच्या प्रकरणात खरी चावी व्हिसात आहे, आणि बहुतेकांच्या ती लक्षातच येत नाही.

ग्रुपमधल्या कंपनीत ९० दिवसांपेक्षा जास्त मुदतीनं जाणाऱ्या तज्ज्ञासाठी जर्मनीत आयसीटी कार्ड नावाचा परवाना आहे. त्याची एक अट अशी की पाठवलेल्या माणसाचा पगार तिथल्या तशाच कामगाराच्या पगाराशी तुलना होईल इतका हवा. जर्मनीत किमान वेतनच १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिना सुमारे २४०९ युरो. आता तुमची ऑफर बघा. इथले ७५ हजार म्हणजे ७५० युरो, अधिक १६५०, एकूण २४००. म्हणजे तुमच्यासारख्या इंजिनिअरला तिथल्या सर्वात कमी वेतनाइतकेही पैसे पडत नाहीत. शिवाय त्या १६५० मधला भाड्याचा आणि जेवणाचा भाग ही खर्चाची भरपाई झाली. ती वेतनात मोजत नाहीत.

त्यामुळे कंपनीला अर्जात बराच मोठा आकडा दाखवावा लागणार हे उघड आहे. तुम्ही फक्त साधेपणानं विचारायचं: ‘साहेब, व्हिसाच्या अर्जात माझा पगार किती दाखवणार आहोत? मला त्याची प्रत मिळेल ना?’ धमकीचा सूर नको, कायद्याचं पुस्तकही काढू नका. एवढ्या एका प्रश्नानं एचआर तुमची फाइल बाहेरच्या सल्लागाराकडे पाठवते आणि ५५ युरोंची गोष्ट आपोआप मागं पडते. अर्जातला आकडा आणि तुमच्या डेप्युटेशनच्या पत्रातला आकडा एकच असला पाहिजे. काही ठिकाणी अर्जात मोठी रक्कम दाखवतात आणि ‘परत आल्यावर इतके कापून घेऊ’ अशा चिठ्ठीवर सही घेतात. तसल्या कागदावर सही करू नका. चौकशी झाली तर पासपोर्ट तुमचा अडकतो, त्यांचा नाही.

तीच गोष्ट बिझनेस व्हिसाची. ‘आधी तीन महिने बिझनेस व्हिसावर जा, मग बघू’ असं सांगतील. त्या व्हिसावर बैठका होतात, करारमदार होतात. शॉप फ्लोअरवर उभं राहून मशिन सोडवणं त्यात बसतं का, हे आधी लेखी विचारून घ्या. वर शेंगेन भागात कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे आठ महिन्यांचं काम त्यात बसतच नाही.

आता कर. इथं थोडा वेळ काढून वाचा, कारण पैसे खरे इथंच गळतात आणि भत्त्याच्या ओढाताणीत याकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडे भारतीय नागरिक नोकरीसाठी बाहेर गेला तर त्या आर्थिक वर्षात तो भारतात १८२ दिवस होता की नाही, ही रेषा असते. तुम्ही १ नोव्हेंबरला निघालात तर एप्रिल ते ऑक्टोबर २१४ दिवस इथं भरले. पुढच्या वर्षी जुलैपासून मार्चपर्यंत पुन्हा २७४. दोन्ही वर्षं तुम्ही निवासी, म्हणजे तिकडे मिळालेलं उत्पन्नही इथल्या रिटर्नमध्ये येणार. हेच आठ महिने ऑगस्ट ते मार्च असते तर भारतात जेमतेम १२२ दिवस भरले असते आणि सगळं चित्र पालटलं असतं. काम तेच, महिने तेवढेच. निघायची तारीख बदलली की हिशेब बदलतो.

जर्मनीच्या बाजूला भारत-जर्मनी कर-करार येतो. त्यांच्या करवर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबरमध्ये, तुमची तिथली हजेरी १८३ दिवसांच्या आत असेल, पगार देणारी कंपनी जर्मन नसेल आणि त्या पगाराचा बोजाही जर्मनीत पडत नसेल, तर तिथं कर लागत नाही. तिन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. दिवस मोजू: पहिल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरचे ६१, दुसऱ्या वर्षी जानेवारी ते जून १८१. काठावर पास! काम दोन आठवडे लांबलं, आणि लाइन हलवण्याचं काम लांबतंच, तर रेषा ओलांडली. हजेरी म्हणजे कामाचे दिवस नव्हेत, रविवारही मोजतात आणि येण्याजाण्याचे दिवसही.

तिसऱ्या अटीपाशी तो कॉस्ट सेंटरचा नंबर पुन्हा उपयोगी पडतो. तुमचा पगार जर्मन कंपनीकडून वसूल होणार असेल तर १८३ दिवसांची सवलत विसरा, पहिल्या दिवसापासून तिथं कर लागू शकतो. पैसे जर्मन बाजूकडून येतात म्हणून मागायला जागा मोठी, आणि त्याच कारणानं कराचा धोकाही मोठा. म्हणून दुसरी मागणी अशी लिहून घ्या: भारतात राहिलो असतो तर जेवढा कर भरला असता त्यापेक्षा जो जास्त लागेल तो कंपनीचा, दोन्हीकडच्या रिटर्नची सीएची फी कंपनीची, आणि दोन्ही देशांत एकाच महिन्यात कपात झाली तर मधल्या काळात कंपनी बिनव्याजी ॲडव्हान्स देईल. हे शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट इथं मिळतं हे खरं, पण ते रिटर्न भरताना. फ्लॅटचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

पीएफ इथं चालू ठेवा. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. कंपनीनं ईपीएफओकडून कव्हरेज प्रमाणपत्र काढलं की जर्मनीतली पेन्शनची वर्गणी टळते. कामगाराचा वाटा तिथं पगाराच्या ९.३ टक्के असतो, म्हणजे ही सवलत बारीकसारीक नाही. अर्ज कंपनीनंच करायचा असतो. तुम्ही आठवण करून द्यायची. आरोग्य विम्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. प्रवास विम्याच्या पॉलिसीवर भागवू देऊ नका, त्यात जुना आजार सहसा धरत नाहीत आणि साधं दाताचं दुखणंही महागात जातं.

सुट्टीबद्दल माझं एक सुचवणं आहे. जर्मन कारखाने नाताळपासून नव्या वर्षापर्यंत बहुधा बंदच असतात, आणि स्टुटगार्टच्या राज्यात ६ जानेवारीलाही सुट्टी असते. त्या दिवसांत रिकाम्या गावात बसून भत्ता खाण्यापेक्षा डिसेंबरच्या शेवटी घरी या आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा करून, तिथला अक्षता सोहळा बघून, मग १६ जानेवारीच्या सुमारास परत जा. कंपनीचा तेवढ्या दिवसांचा भत्ता वाचतो, लाइनचं काम अडत नाही, आणि जानेवारीचे पंधरा दिवस तुमच्या १८१ मधून कमी होतात. काठावरचा माणूस दोन आठवडे आत सरकला. घरी येण्याचं तिकीट मागायला याहून चांगलं कारण सापडणार नाही. अशा मांडणीला प्लँट हेड सहसा नाही म्हणत नाही.

मुदतवाढीचं कलम वेगळं लिहून घ्या. ‘काम पूर्ण होईपर्यंत’ हे शब्द पत्रात दिसले तर खोडायला सांगा. त्याऐवजी ३० जून ही तारीख, आणि त्यानंतर राहायचं तर दोघांच्या लेखी संमतीनं, नव्या अटींवर. कंपनीला तुमची सर्वात जास्त गरज मे-जूनमध्ये असणार आहे. तेव्हा बोलायला जागा राहिली पाहिजे.

बाँडही पुढं येईलच: परत आल्यावर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर इतके लाख भरा. ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ असं चहाच्या टपरीवर सगळे सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि आधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा टिकणार नाही असं धरून सही करू नका. रक्कम दर महिन्याला प्रमाणात कमी होत जावी, आणि कंपनीनं स्वतःहून काढलं तर बाँड लागू नसावा, या दोन दुरुस्त्या मागा. बाँड मागतायत म्हणजे तुम्ही परत यावं ही त्यांची गरज आहे. मग तिची किंमतही लावता येते. लाइन सोलापुरात चालू झाल्यावर अर्धा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी अर्धा, असा बोनस मागा. बाँडच्या रकमेइतकाच मागितलात तर त्यांना वाद घालायला अवघड जातं.

एप्रिलची पगारवाढ तुम्ही तिकडे असताना होणार. समोर नसलेल्या माणसाचं रेटिंग ‘सरासरी’ पडतं, हा अनुभव जवळजवळ सगळ्यांचा. पत्रात एक ओळ हवी: या वर्षीचं मूल्यमापन प्रोजेक्टच्या कामावर, प्रोजेक्ट मॅनेजरच्या अभिप्रायावरून.

आता बोलायचं कसं. भीड भिकेची बहीण हे आपण म्हणतो आणि साहेबांसमोर मान खाली घालून बाहेर येतो. तोंडी सुरुवात करू नका. आधी एक छोटा मेल:

‘साहेब, लाइनच्या कामासाठी जायला मी तयार आहे. व्हिसाचा अर्ज भरण्याआधी चार गोष्टी पत्रात याव्यात अशी विनंती. राहण्याची सोय कंपनीच्या नावावर. अर्जात दाखवलेला पगार, आणि कर-विमा जाऊन हातात येणारी रक्कम. दोन्ही देशांतला जादा कर व सीएची फी कंपनीकडे. ३० जूननंतर मुक्काम वाढल्यास नव्या अटी. सोबत खर्चाचा तक्ता जोडला आहे. सोमवारी दुपारी पंधरा मिनिटं मिळाली तर बसून बोलू.’

तक्ता एका पानाचाच. हप्ता, मुलीची शाळा वगैरे घरचं रडगाणं त्यात नको. वडिलांच्या तपासणीची गाडी तेवढी ठेवा, कारण तो खर्च तुमच्या जाण्यामुळं नव्यानं उभा राहतो. बैठकीत बहुधा ऐकायला मिळेल, ‘अहो, लोक स्वतःच्या पैशानं जातात जर्मनी बघायला, तुम्हाला तर कंपनी पाठवतीया!’ हसून घ्या आणि म्हणा, ‘खरंय साहेब, म्हणूनच तयार आहे. तेवढं घराचं आणि कराचं बघून घेऊ.’ आणि गप्प बसा. ती शांतता भरून काढायची जबाबदारी तुमची नाही.

‘तिकडचा माणूस एवढा पगार घेतो’ ही तुलना मात्र स्वतःहून काढू नका. ती व्हिसाच्या अर्जात होऊ दे. तोंडानं केली की साहेबाला वाटतं, हा परत येणार नाही.

आकडाच हवा असेल तर माझ्या मते: खोली कंपनीची, इथला पगार पूर्ण, आणि तिकडे कर-विमा जाऊन महिना १४०० ते १५०० युरो हातात. मागताना १७०० मागा.

जाता जाता, आपल्या टॉवेल-चादरीच्या धंद्यातले लूम फिटर आफ्रिकेत जातात त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथं व्हिसाचा असला आधार नसतो, म्हणून गैरसोयीचा भत्ता वेगळा मागावा. पगाराच्या १५ ते २५ टक्के मिळाल्याचं मी पाहिलं आहे. स्थानिक चलनात काहीही ठरवू नका. इथिओपियानं जुलै २०२४ मध्ये बिर बाजारभावावर सोडला आणि थोड्याच काळात डॉलरचा भाव ५७ बिरवरून शंभरच्या पुढं गेला. ठरलेला भत्ता निम्म्यावर आला, भाजीचे भाव नाही आले. डॉलरात किंवा इथल्या खात्यात रुपयांत घ्या. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि कार्ड जपा, परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात.

तुमच्याकडे परत. सगळं मिळणार नाही. सोडायचं झालं तर आधी बोनस सोडा, मग रोजच्या भत्त्यात ४० वरून ३५ युरोंवर या. खोली आणि कर सोडू नका. त्या दोन्हींवर ठाम नकार आला तर मी तुमच्या जागी आठ महिन्यांऐवजी चारच महिने जायची तयारी दाखवीन. बायको-मुलीची एक फेरी मागायची असेल तर ती उन्हाळ्याच्या सुट्टीतली मागा, तुमच्या दुसऱ्या घरवापसीच्या तिकिटाऐवजी. तुमचे जर्मनीतले दिवस मात्र त्यामुळं कमी होणार नाहीत, तेवढं सीएकडून पुन्हा मोजून घ्या.